‘हुबेहूब’ ह्या शब्दाविरुद्ध

चित्रप्रदर्शनात शिरलेला मराठी गृहस्थ दोन वाक्ये हमखास बोलतो. एखादे रंगचित्र त्याच्या मनात भरले की तो म्हणतो, ‘वा! अगदी फोटोसारखे आहे!’ आणि शेजारच्या दालनात एखादे छायाचित्र आवडले की तोच गृहस्थ तितक्याच भाबडेपणाने उद्गारतो, ‘वा! अगदी चित्र काढल्यासारखे आहे!’ दोन्ही वाक्ये स्तुतीची असतात आणि बोलणाऱ्याचा हेतूही शुद्ध असतो. परंतु आमचा आरोप असा आहे की, ही दोन वाक्ये म्हणजे आमच्या समाजाच्या चित्ररसिकतेचा संपूर्ण ताळेबंद होय. चित्राची चौकशी करावयास गेले तर ते फोटोच्या घरी गेल्याचे कळते, फोटोची चौकशी करावी तर तो चित्राकडे गेलेला असतो. आणि आम्ही मात्र दोघांच्याही उंबरठ्यावरूनच परत फिरतो. ह्या साऱ्या व्यवहाराला आम्ही एकच शब्द वापरतो, तो ‘हुबेहूब’. त्या शब्दाविरुद्ध आणि त्याच्या आडोशाला सुखाने नांदणाऱ्या आळसाविरुद्ध आज थोडे लिहावे असे आम्ही योजले आहे.

‘आमचा समाज’ म्हणजे कोण, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. रेल्वे, टपाल, लेखापरीक्षण, संरक्षण, आयकर, बँका अशा खात्यांतून दिल्लीपासून कोचीपर्यंत आणि जामनगरपासून गुवाहाटीपर्यंत विखुरलेला, दर तीन-चार वर्षांनी ट्रंका बांधणारा जो मराठी नोकरवर्ग, तो आमचा समाज. आम्हीही त्यातलेच. हा वर्ग अरसिक आहे असे म्हणण्याची आमची छाती नाही. नव्या गावी रुजू झाल्यावर घर मिळण्याच्या आधी तो महाराष्ट्र मंडळाचा पत्ता शोधतो. गणेशोत्सवात पदरचे पैसे घालून तो नाटक बसवतो. गाण्याच्या बैठकीत गायक समेला अर्धी मात्रा चुकला तर तिसऱ्या रांगेतील लेखापरीक्षकाच्या कपाळाला आठी पडते, आणि मध्यंतरात चहा पिताना घराण्यांवरून दोन अधीक्षकांत जुंपते. कानाच्या बाबतीत आम्ही असे काटेकोर आहोत. पण त्याच लेखापरीक्षकाच्या बैठकीच्या खोलीत जाऊन पाहावे. भिंतीवर बँकेचे कॅलेंडर, घड्याळ, आणि लग्नात कोणीतरी दिलेले, कारखान्यात छापलेले सूर्यास्ताचे चित्र! ते चित्र गेली अठरा वर्षे चार गावांच्या चार भिंतींवर टांगले गेले आणि त्याच्याकडे कोणी पाहिले असेल तर ते खिळा सरळ आहे की नाही एवढ्यापुरतेच. कानाला जे शिक्षण आम्ही आवर्जून दिले, ते डोळ्याला देण्याची गरज आम्हांला कधी वाटलीच नाही. डोळा आपोआप पाहतो अशी आमची समजूत आहे. कान तरी आपोआप ऐकतच होता; तरीही त्याला यमन आणि भूप ह्यांतला भेद शिकवावा लागलाच की नाही?

दुसऱ्यांस बोल लावण्यापूर्वी स्वतःची कबुली देणे शिष्टसंमत आहे, म्हणून एक प्रसंग सांगतो. नोकरीच्या निमित्ताने दक्षिणेत असताना आम्ही सहकुटुंब तंजावरास गेलो होतो. बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा जो प्रचंड मराठी शिलालेख १८०३ मध्ये सरफोजी राजांनी कोरविला, तो पाहण्याची उत्कंठा होती. दुपारी साडेबाराचे ऊन होते. शिलालेख सापडताच ऊर भरून आला. आम्ही त्याच्यापुढे ओळीने उभे राहिलो आणि एका भल्या माणसाच्या हाती मोबाईल देऊन छायाचित्र काढवून घेतले. रात्री मुक्कामी ते न्याहाळले तेव्हा आम्ही पाचही जण स्पष्ट होतो, चष्म्यांवरची चकाकीसुद्धा स्पष्ट होती. मात्र शिलालेखाचे एकही अक्षर वाचता येत नव्हते. ज्या मजकुरासाठी चारशे किलोमीटर प्रवास केला, त्यावर आम्ही आमच्या पाठी टेकवल्या होत्या.

त्याच देवळात १८५८ मध्ये लिनियस ट्राइप नावाचा मद्रासच्या फौजेतील एक कप्तान कॅमेरा घेऊन आला होता. मद्रास सरकारचा छायाचित्रकार म्हणून त्याची नेमणूक झालेली होती. म्हणजे तोही घरापासून दूर बदलीवर आलेला सरकारी नोकरच. विमानाच्या पायथ्याशी कोरलेले लेख लोकांना घरबसल्या पाहता यावेत म्हणून तो विमानाच्या भोवती फिरला आणि एकवीस छायाचित्रे एकापुढे एक जोडून त्याने त्या लेखांची एक सलग पट्टी तयार केली. त्याच्यापाशी मेणाचा हात दिलेला कागद आणि लाकडी पेटी होती. आमच्यापाशी खिशात मावणारे, त्याच्या साधनापेक्षा हजारपटींनी तल्लख असे यंत्र होते. फरक साधनाचा नव्हता. त्याने आधी ‘येथे पाहण्यासारखे काय आहे?’ असे विचारले होते आणि आम्ही ‘येथे आम्ही कसे दिसतो?’ असे विचारले होते.

येथे पहिला आक्षेप येतो, आणि तो आमच्या परिचयातील बऱ्याच सुशिक्षितांचा आहे. ते म्हणतात, ‘छायाचित्राला कला कशाला म्हणावयाचे? ते यंत्राचे काम. कळ दाबली की समोर जे असेल ते उमटते.’ १८३९ मध्ये पॅरिसला छायाचित्रणाची वार्ता जाहीर झाली तेव्हापासून हा आक्षेप चालत आला आहे, तेव्हा त्याला वयाचा मान द्यावयास हवा. परंतु वय वाढल्याने तो खरा झालेला नाही. समोर जे असेल ते उमटते, हे विधानच मुळी चूक आहे. ट्राइपच्या काळचा कागद निळ्या प्रकाशाला फार हळवा आणि हिरव्याला मंद असे. त्यामुळे झाडे काळीठिक्कर उमटत आणि आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे पडे. डोळ्यांना दिसलेले मेघ यंत्राला दिसतच नसत. ट्राइपने काय करावे? त्याने आपल्या निगेटिव्हांवर हाताने रंग चढवून आकाशात ढग आणि झाडांना पालवी आणली. आता यंत्राने दाखविले ते खरे, की ट्राइपच्या हाताने दाखविले ते खरे? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्याला पटकन देता येत नाही, त्याने ‘कळ दाबली की उमटते’ हे वाक्य पुन्हा उच्चारू नये.

ही झाली कागदाची कथा. १८५१ नंतर काचेवरच्या ओल्या लेपाची पद्धत आली. काचेवर कलोडियन पसरावयाचे, ती अंधारात चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि ओली असतानाच धुवावयाची. लेप वाळला की सारे श्रम फुकट. वैशाखात माळव्यातील एखाद्या पडक्या देवळापुढे काळा तंबू ठोकून, आत गुदमरत, मिनिटे मोजत हे काम करणाऱ्या माणसाला ‘यंत्राचा चाकर’ म्हणण्याइतके आम्ही तरी धीट नाही. एवढ्या खटाटोपानंतर दिवसाकाठी मोजकीच चित्रे हाती येत. त्यामुळे कोठे उभे राहावे, ऊन कोणत्या बाजूने यावे, चौकटीत काय घ्यावे आणि काय वगळावे, ह्याचा निर्णय काच भिजवण्यापूर्वी करावा लागे.

तो निर्णय हीच कला. साधन सोपे झाले म्हणून निर्णय सोपा होत नाही. कोरीव अक्षर किंवा मूर्तीचा उठाव दिसावयाचा असेल तर ऊन तिरपे हवे, म्हणजे प्रत्येक खोबणीत आपली आपली सावली उतरते. भर दुपारी समोरून आलेल्या उजेडात तीच मूर्ती चपटी होते. भिंगामागचे छिद्र लहान केले तर जवळचे आणि दूरचे दोन्ही रेखीव येते; मोठे केले तर एक चेहरा उमलतो आणि मागची गर्दी विरघळते. झडप क्षणभरच उघडली तर धबधब्याचा थेंब थेंब गोठतो. अधिक वेळ उघडी ठेवली तर तेच पाणी धुक्यासारखे वाहते. कॅमेरा कमरेइतका खाली धरला तर मूल मोठे दिसते, आणि वर धरला तर मोठा माणूस केविलवाणा होतो. समोरची वस्तू ह्या सर्व वेळी तीच असते. मग ‘हुबेहूब’ कोणते? ज्या गृहस्थाला विलंबित आणि द्रुत ह्यांचा भेद समजतो, त्याला झडपेच्या गतीचा भेद समजू नये असे आम्हांला वाटत नाही. शिवाय संवादिनी हेही यंत्रच आहे. तिच्या पट्ट्या दाबल्या की स्वर निघतो, म्हणून बैठकीतल्या पेटीवाल्याला कोणी कारकून म्हणत नाही.

ह्याच ठिकाणी उलट बाजूच्या अंधश्रद्धेचाही समाचार घेतला पाहिजे. नवे यंत्र घेतलेला आमचा तरुण मित्र प्रत्येक चित्राची परीक्षा एकाच कसोटीने करतो: रेखीव आहे की नाही? मोठे केले तर भुवईचा केस दिसतो की नाही? त्याला आम्ही हेन्री कार्तिए-ब्रेसाँ ह्यांचे एक छायाचित्र पाहावयास सांगतो. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री दिल्लीत बिर्ला भवनाच्या फाटकावर उभे राहून पंडित नेहरू जमावाला गांधीजींच्या मृत्यूची वार्ता सांगत आहेत. उजेड अपुरा, दिव्याची तिरीप डोळ्यांत येणारी, माणसे पुसट. रेखीवपणाच्या परीक्षेत हे चित्र नापास होईल. परंतु त्या रात्री देशाच्या डोळ्यांपुढे जो अंधार आला होता, तो ह्या पुसटपणातूनच आमच्यापर्यंत पोचतो. हे चित्र काढणारा माणूस तरुणपणी चित्रकलेचा विद्यार्थी होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तंत्राचे नियम ज्याच्या अंगात मुरले आहेत, त्यालाच ते कोठे सोडावेत हे कळते. म्हणून तंत्र शिकावे असे आम्ही म्हणतो, आणि तंत्रालाच देव करू नये असेही म्हणतो. ह्या दोन विधानांत ज्यांना विसंगती वाटत असेल, त्यांनी आपल्या आवडत्या गायकाला विचारावे.

दुसरा आक्षेप अधिक घरगुती आहे. ‘हे सारे कलावंतांना शोभते. आम्ही नोकरदार माणसे. फायली आणि बदल्या ह्यांतून सवड कोठे आहे?’ ह्या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी आम्ही परक्या देशात जाणार नाही. इंदूरच्या बांधकाम खात्यात जाऊ. १८४४ मध्ये मेरठजवळ सरधन्यास जन्मलेला लाला दीन दयाळ नावाचा तरुण रुडकीच्या महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकून १८६६ मध्ये इंदुरास त्या खात्यात नोकरीस लागला. नकाशे आणि खर्चाचे अंदाज हे त्याचे काम. होळकरांच्या राजधानीतील ती नोकरी सांभाळूनच त्याने छायाचित्रणाचा नाद केला. १८८२ मध्ये लेपल ग्रिफिन ह्या अधिकाऱ्याबरोबर त्याने मध्य भारतातील प्राचीन वास्तूंची चित्रे घेतली आणि १८८६ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. पुढे नोकरी सोडून तो हैदराबादेस गेला, निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला, ‘राजा’ हा किताब त्याला मिळाला. त्याच्या अडीच हजारांहून अधिक काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत. नकाशे काढणाऱ्याची नजर त्याच्या चित्रांत सर्वत्र दिसते. इमारतीची उभी रेघ उभीच राहते, पायरी न् पायरी मोजता येते, आणि कोपऱ्यात माणूस उभा असला तर तो इमारतीचे माप सांगतो. कचेरीने त्याच्या कलेचा घास घेतला नाही. उलट कचेरीत शिकलेली शिस्त त्याने कलेच्या कामी लावली.

तो उत्तर हिंदुस्थानचा होता, असे कोणी म्हणेल. मग आमच्यातलेच पाहू. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली तेव्हा तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांत डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. रोगी तपासून उरलेल्या वेळात नारायण दाजी छायाचित्रे घेत. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा केला आणि काही काळ पुराणवस्तू खात्यात नोकरीही केली. आणि मर्ढेकर? त्यांना आम्ही कवी म्हणून ओळखतो. परंतु ते आकाशवाणीचे बदलीचे अधिकारी होते आणि १९५६ मध्ये दिल्लीतच वारले, हे आमच्यापैकी किती जणांना आठवते? ज्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ ह्या ग्रंथाला त्याच वर्षी साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, त्यात त्यांनी सौंदर्याचा विचार संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांच्या आधारे मांडला. ह्या तीन शब्दांत चित्र पाहण्याची किल्ली आहे. एक रंग दुसऱ्याशी कोठे जुळतो, कोठे भांडतो आणि शेवटी तोल कसा सावरला जातो, एवढे तीन प्रश्न घेऊन कोणत्याही चित्रासमोर उभे राहावे. आमच्याच वर्गातला एक नोकरदार ती किल्ली आमच्या हाती ठेवून गेला, आणि आम्ही ती परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करून मोकळे झालो.

तिसरा आक्षेप सर्वांत जोरात येतो. ‘जुनी चित्रे आम्ही आवडीने पाहू, पण हे आधुनिक चित्र! डोके कोठे, पाय कोठे, काही कळत नाही.’ नागपुरास १९२४ मध्ये जन्मलेले वासुदेव गायतोंडे १९७२ मध्ये दिल्लीस आले आणि निजामुद्दीनमध्ये राहून चित्रे काढीत राहिले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे भारतातील एक अत्यंत थोर चित्रकार दिल्लीच्या मराठी माणसाचा शेजारी होता. त्यांच्या चित्रात डोके-पाय नाहीत हे खरे. रुळाने आणि सुरीने रंगाचे थर चढवावयाचे, खरवडावयाचे, पुन्हा चढवावयाचे, असे करीत खोल पाण्यात उजेड झिरपावा तसा एक प्रकाश ते कॅनव्हासमधून बाहेर आणीत. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला तेवीस कोटींहून अधिक रुपये आले आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा आमच्यापैकी पुष्कळांनी त्यांचे नाव प्रथम ऐकले. रुपयांचा आकडा आम्हांला वाचता आला. चित्र मात्र अजून वाचता आलेले नाही.

आमचे विचारणे एवढेच आहे: गायकाने तराणा सुरू केला म्हणजे ‘तनन देरेना’चा अर्थ काय, असे आपण विचारतो काय? आलाप कशासारखा ‘हुबेहूब’ आहे, असे विचारतो काय? तेथे अर्थ नसूनही आपण तृप्त होतो, कारण स्वर स्वराला कसा भेटतो हे ऐकण्याची सवय आपल्या कानाला लावलेली आहे. मग रंग रंगाला कसा भेटतो हे पाहण्याची सवय डोळ्याला का लावू नये? राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय दिल्लीच्या जयपूर हाउसमध्ये १९५४ पासून उभे आहे. इंडिया गेटपाशी कुल्फी खावयास जाणाऱ्या कुटुंबाला ते वाटेवरच लागते. इंदुरास देवळालीकर मास्तरांनी जी चित्रशाळा चालविली, तिच्यातून बेंद्रे आणि चिंचाळकर निघाले. तेच बेंद्रे पुढे १९५० पासून बडोद्याच्या नव्या कलाशाखेत चित्रकला शिकवू लागले. म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने चित्रकला केलीच नाही असे नाही. करणारे झाले, पाहणारे झाले नाहीत. आमचे भांडण त्या न पाहणाऱ्यांशी, म्हणजे स्वतःशीच आहे.

शेवटचा युक्तिवाद आजच्या काळाचा आहे. ‘आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. लोक पूर्वीपेक्षा शेकडो पटींनी चित्रे काढतात. तुम्ही म्हणता ती आवड आपोआप वाढणारच.’ ह्यावर युक्तिवादाने उत्तर देण्याऐवजी आम्ही घडलेली एक गोष्ट सांगतो. मंडळाचे व गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष त्या गावाचा नव्हे. त्या मंडळाच्या इमारतीची दुरुस्ती निघाली तेव्हा माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक सापडली. तिच्यात जाड पुठ्ठ्यांवर चिकटवलेली शंभराच्या आसपास छायाचित्रे होती: स्वातंत्र्यापूर्वीची नाटके, पहिल्या गणेशोत्सवाची मिरवणूक, नऊवारी नेसून बॅडमिंटन खेळणाऱ्या बायका, आणि वर्षावर्षाचे ग्रुप फोटो. कार्यकारिणीपुढे प्रश्न आला की जागा नाही, वाळवीची भीती आहे, काय करावे? कोणीतरी सुचविले की सर्वांचे मोबाईलवर फोटो घेऊन ठेवावेत आणि मूळ चित्रे काढून टाकावीत. ठराव एकमताने संमत झाला. एका उत्साही सभासदाने दोन तासांत काम उरकले. ट्यूबलाइटच्या उजेडात ती चित्रे टेबलावर मांडली गेली, आणि प्रत्येक चित्राच्या मधोमध त्या नळीचा पांढरा पट्टा उमटला. मूळ चित्रे जुन्या वर्तमानपत्रांबरोबर वजनावर गेली. दोन वर्षांनी त्या सभासदाची बदली झाली. मोबाईलही बदलला होता. आता मंडळापाशी आठ-दहा चित्रे उरली आहेत, पांढऱ्या पट्ट्यासकट.

त्यानंतर एका वयोवृद्ध बाई मंडळात आल्या. त्यांचे वडील तेथे टपाल खात्यात होते आणि एका नाटकात त्यांनी काम केले होते, ते चित्र पाहावे अशी त्यांची इच्छा होती. उरलेल्या चित्रांत एक नाटकाचे होते. सात पुरुष, दाढ्यामिशा लावलेले. त्यांत आपले वडील कोणते हे त्यांना ओळखता येईना. मूळ चित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने सगळ्यांची नावे लिहिलेली होती हे आम्हांला पक्के आठवते. पाठीचे छायाचित्र घेण्याचे कोणालाच सुचले नव्हते. बाई फार काही बोलल्या नाहीत. ‘असू द्या’ म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या.

ती ट्रंक उघडली तेव्हा आम्ही तेथे होतो. त्या सभेसही आम्ही हजर होतो. ठरावाच्या बाजूने आम्हीही हात वर केला होता.

म्हणून ‘हुबेहूब’ ह्या शब्दावर आमचा राग आहे. त्या दिवशी सभेत आम्हांला वाटले होते की, मोबाईलमध्ये हुबेहूब उतरले म्हणजे काम झाले. मूळ वस्तू आणि तिचे प्रतिबिंब ह्यांत फरक तो काय? फरक कागदाच्या पोतात होता, पुठ्ठ्यावर उठविलेल्या स्टुडिओच्या शिक्क्यात होता, पाठीमागच्या पेन्सिलीत होता. पाहावयास शिकलेल्या एकाही माणसाने त्या सभेत उठून ‘थांबा’ म्हटले असते तर ते चाळीस-पन्नास चेहरे आज आपापल्या नावांसह जिवंत असते. चित्ररसिकता ही फावल्या वेळची चैन आहे असे ज्यांना वाटते, त्यांना आम्ही एवढेच सांगू की, ती नसली तर माणसे हरवतात.

आता नुसते दोष दाखवून लेखणी खाली ठेवणे बरे नव्हे. आमच्या सूचना चारच आहेत आणि त्यांतल्या एकीलाही सरकारी मंजुरी लागत नाही. पहिली, नव्या गावी बदली झाली की तेथील एक वास्तू निवडावी आणि ती सकाळी, दुपारी व संध्याकाळी, अशी तीनदा, कॅमेरा घरी ठेवून पाहावी. ऊन दगडाचे काय करते हे कळल्यावर मगच चित्र घ्यावे, आणि निदान एका चित्रात तरी आपण स्वतः उभे राहू नये. दुसरी, वर्षाच्या अखेरीस हजारो चित्रांतून फक्त बारा निवडावीत आणि ती कागदावर छापून घ्यावीत. निवडणे हेच शिक्षण आहे. पाठीमागे नाव, गाव आणि तारीख मऊ पेन्सिलीने लिहावी. तिसरी, प्रत्येक मंडळाने वर्षातील एक संध्याकाळ चित्रांना द्यावी. प्रत्येकाने एकच चित्र आणावे, स्वतःचे अथवा दुसऱ्याचे, आणि त्यावर पाच मिनिटे बोलावे. अट एवढीच की ‘छान’, ‘सुंदर’ आणि ‘हुबेहूब’ हे तीन शब्द वर्ज्य. उजेड कोठून येतो, नजर प्रथम कोठे जाते आणि चित्रकाराने काय वगळले, हे सांगावे. चौथी सूचना खिशाला लागणारी आहे. गायकाला बिदागी देताना आम्ही कुरकुरत नाही. तशी वर्षातून एकदा त्या त्या गावच्या एखाद्या तरुण चित्रकाराची वा छायाचित्रकाराची एक कृती विकत घेऊन मंडळाच्या भिंतीवर लावावी. दहा वर्षांत दहा चित्रे होतील आणि कॅलेंडर टांगावयास जागा उरणार नाही.

हे वाचून कोणी म्हणेल की, आम्ही फार कठोर लिहिले. असेल. परंतु बदलीच्या नोकरीने आम्हांला जी एक संपत्ती दिली, ती दुसऱ्या कोणाला सहजी मिळत नाही. कोणार्कची चाके, अजमेरचे गल्लीबोळ, ब्रह्मपुत्रेवरचे धुके आणि रामेश्वरचे लांबच लांब सोपे आम्ही सरकारी खर्चाने पाहतो. निवृत्तीनंतर पुण्याच्या वा नागपूरच्या घरी बसून आम्ही नातवंडांना काय दाखविणार? मागे काय आहे ते न दिसणारे, आमच्याच चेहऱ्यांचे ढीग?

तंजावरास आम्ही पुन्हा जाणार आहोत. ह्या खेपेस सकाळी लवकर, ऊन तिरपे असताना. आणि भिंतीपुढून बाजूला सरकून.